एका डोळ्याची नजर जाते आणि मिनिटांत परत येते: आधी कुठे जायचं?

पाऊलवाट

एका डोळ्यापुढे एकाएकी अंधारी येते. दुखत नाही, डोळा लाल होत नाही. पाच-दहा मिनिटांत नजर आपोआप पूर्ववत. यावर मिळणारा ठरलेला सल्ला म्हणजे ‘थकवा असेल, पडून राहा, सवडीने चष्म्याचा नंबर तपासून घ्या’. मला हा सल्ला धोक्याचा वाटतो. पन्नाशीपुढच्या माणसाला असं झालं तर दुसरं कारण सापडेपर्यंत तो छोटा स्ट्रोकच धरायला हवा. डोळ्याच्या पडद्याला (रेटिनाला) रक्त पुरवणारी धमनी मानेतल्या कॅरोटिड धमनीच्याच शाखेतून निघते. कॅरोटिडच्या आत साचलेल्या चरबीच्या थरावरून एखादा कण सुटला, तर तो डोळ्यात जाईल की मेंदूत हे त्या क्षणाच्या प्रवाहावर. आज डोळ्यात गेला, विरघळला, पुढे सरकला, म्हणून नजर परत आली. थर मानेत आहे तिथेच आहे.

जाणकारांना तीन प्रश्न. त्या मिनिटांत नेमकं काय बघून ठेवायचं? आधी कुठे जायचं, डोळ्यांच्या दवाखान्यात की स्ट्रोकची सोय असलेल्या हॉस्पिटलात? आणि पंचविशीतल्या माणसालाही हेच लागू का?

(चष्मा घालवण्याचे व्यायाम, त्राटक वगैरेंसाठी कृपया वेगळा धागा काढावा.)

घुबड

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: एक डोळा झाका, मग दुसरा झाका. बस्स. ही दहा सेकंदांची गोष्ट बहुतेक लोक करत नाहीत आणि नंतर ती विचारून कळत नाही.

कारण असं. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त कमी पडलं की दोन्ही डोळ्यांच्या नजरेचा डावा अर्धा भाग जातो. पण माणूस सांगतो ‘डावा डोळा गेला’. डाव्या डोळ्याला बाहेरच्या बाजूचं बरंच जास्त दिसत असतं, तेच गेलेलं जाणवतं. उजव्या डोळ्याचा नाकाकडचा भाग गेलेला लक्षातच येत नाही. आता उजवा डोळा एकटा उघडा ठेवून समोरच्या माणसाचा चेहरा बघा. पूर्ण दिसला तर बिघाड खरंच डाव्या डोळ्याचा. अर्धाच दिसला तर मामला दोन्ही डोळ्यांचा, म्हणजे मेंदूच्या मागच्या भागाचा.

झाकून बघायचं राहिलंच असेल तर नंतर एक प्रश्न विचारायचा: त्या वेळी वाचता येत होतं का? एकच डोळा गेला असेल तर दुसऱ्याने वाचता येतं. दोन्हीकडचा अर्धा भाग गेला असेल तर ओळीतले शब्द अर्धवट दिसतात, पुढची ओळ सापडत नाही.

चिंतामणी_बिनचूक

घुबडशी सहमत. त्यात भर घालतो. घड्याळ बघा. सुरू कधी झालं, संपलं कधी. अंदाज नको, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटं वीस वाटतात. वेळेवरून निम्मं निदान होतं.

काही सेकंद, तेही वाकल्यावर किंवा उठून उभं राहिल्यावर: डोळ्याच्या मागच्या नसेला सूज आहे का बघायचं. डोक्यातल्या द्रवाचा दाब वाढला की असं होतं. बहुधा दोन्ही डोळ्यांत, कधी एकात. जोडीला सकाळची डोकेदुखी आणि कानात नाडीच्या ठोक्याबरोबर घुमणारा आवाज असला तर संशय पक्का. वजन वाढलेल्या तरुण स्त्रियांत जास्त. डॉक्सीसायक्लिनसारखी ॲन्टिबायोटिक्स आणि अ जीवनसत्त्वापासून केलेली मुरुमांची औषधं यांनीही हा दाब वाढतो, त्यामुळे चालू गोळ्यांची यादी बरोबर न्यायची.

दोन ते तीस मिनिटं, अचानक सुरुवात, काळं किंवा करडं, वेदना नाही: हेच धागाकर्त्याचं प्रकरण, अमॉरोसिस फ्युगॅक्स. रक्तप्रवाहाचा मामला.

वीस-तीस मिनिटं, पण हळूहळू पसरत जाणारं आणि चमकणाऱ्या नागमोडी रेषांचं: मायग्रेनचा ऑरा. तो दोन्ही डोळ्यांत असतो, डोळे मिटले तरी दिसतो, आणि वाढायला निदान पाच मिनिटं घेतो. गुठळीचा अंधार सेकंदांत येतो आणि त्यात चमचम सहसा नसते.

पापणी लवली की साफ होणारं धूसर: कोरडा डोळा. या धाग्याचा विषय नाही.

चकवा

आणि रात्री दोन वाजता कुशीवर पडून मोबाईल बघणाऱ्यांचं काय? एक डोळा उशीत, एक स्क्रीनवर. दिवा मालवला की स्क्रीनवाला डोळा गायब. अर्धा धागा त्यांनीच भरणार आहे.

घुबड

@चकवा, ते खरंच नोंदलेलं आहे. २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अशा दोन स्त्रियांची नोंद आली होती. उशीतला डोळा अंधाराला सरावलेला, दुसरा उजेडाला. मोबाईल ठेवून दोन्ही उघडले की उजेडाला सरावलेल्याला काही मिनिटं अंधारात दिसत नाही. आजार नाही. खात्री करायची तर मोबाईल दोन्ही डोळ्यांनी बघा, मग होत नाही. पण पन्नाशीच्या माणसाने ‘मोबाईलमुळेच असेल’ म्हणून सोडून देऊ नये. दिवसा, उजेडात झालं असेल तर हे कारण बादच.

शेवंता

‘नजरेपुढे काळा पडदा वरून खाली येतो’ हे वर्णन पुस्तकात असतं म्हणून लोक त्याचीच वाट बघतात. सगळ्यांना पडदा दिसत नाही. कुणाला नुसतं धुरकट, कुणाला फक्त वरचा किंवा खालचा अर्धा भाग गेलेला. पडदा नव्हता म्हणून प्रवाहाचं कारण नाही, असं होत नाही.

उलटही लक्षात ठेवा. पडदा आला आणि गेलाच नाही, आधी काळे ठिपके आणि वीज चमकल्यासारखं झालं होतं, तर तो डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे रेटिना, सुटल्याचा प्रकार. तिथे मात्र थेट रेटिनाच्या सर्जनकडे, त्याच दिवशी. मधुमेहींत डोळ्यात रक्तस्राव झाला तर लालसर-काळे धागे तरंगताना दिसतात आणि डोकं हलवलं की हलतात.

अमावास्या

कुठे जायचं ते ठरेल तेव्हा ठरेल. ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चघळा आणि निघा. घरात असतेच. एवढा काथ्याकूट कशाला?

चिंतामणी_बिनचूक

@अमावास्या, अर्धं बरोबर आहे, अर्धं घातक. नजर पूर्ण परत आली असेल, ॲलर्जी, अल्सर, रक्त पातळ करणारी गोळी यांपैकी काही नसेल, तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन लगेच सुरू करावं असं ब्रिटनच्या नाइस या सरकारी आरोग्य संस्थेची मार्गदर्शक सूचनाही सांगते. पण ती गोळीही डॉक्टरांना फोनवर विचारून घ्यावी.

नजर अजून आलेली नसेल तर घरी काहीही तोंडात टाकायचं नाही. एक तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं की नाही हे तिथे ठरायचं असतं. दुसरं, हात-पाय किंवा बोलणं बिघडलं असेल तर तो रक्तस्राव असू शकतो, आणि सीटी स्कॅनशिवाय ते कुणालाच सांगता येत नाही.

तपासणीनंतर ठरावीक रुग्णांना ॲस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेल साधारण २१ दिवस देतात, मग एकच गोळी चालू राहते. दोन्ही गोळ्या मनाने पुढे रेटल्या तर रक्तस्रावाचा धोका वाढत जातो आणि फायदा तेवढा वाढत नाही.

अमावास्या

मान्य. ‘आलेली आहे’ आणि ‘आलेली नाही’ यात फरक करायला हवा होता.

तळटीप

न आलेल्या नजरेबद्दल थोडं सविस्तर, कारण गोंधळ तिथेच होतो.

पडद्याची मुख्य धमनी बंदच राहिली तर पडदा किती वेळ तग धरतो? माकडांवरच्या प्रयोगांत ९७ मिनिटांपर्यंत बंद ठेवलेल्या धमनीने कायमचं नुकसान दिसलं नाही. २४० मिनिटांनंतर ते प्रचंड आणि कायमचं होतं. माणसाच्या बाबतीत गुठळीच्या इंजेक्शनचा विचार साधारण साडेचार तासांच्या आत केला जातो, तोही निवडक रुग्णांत. म्हणून ‘अजून अर्धा तास वाट बघू’ हा त्या साडेचार तासांतला अर्धा तास असतो.

हॉस्पिटलात पहिला प्रश्न येईल: शेवटचं नीट कधी दिसत होतं? लक्षात कधी आलं, ही वेगळी वेळ. झोपेतून उठल्यावर कळलं असेल तर झोपण्याआधीची वेळ सांगायची. हे चुकीचं सांगितलं तर इंजेक्शन चुकीच्या माणसाला दिलं जातं किंवा योग्य माणसाला नाकारलं जातं.

आणि घरगुती इलाज: डोळ्याच्या गोळ्याला मसाज, कागदी पिशवीत श्वास घेणं. दोन्हींचा उपयोग सिद्ध झालेला नाही. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असेल तर मसाजने टाकाच उसवायचा. मानेला मसाज तर चुकूनही नको. थर तिथेच आहे, आणि तो चोळून सोडवायचा नाही.

मधुमालती

एक गोष्ट अजून कुणी काढली नाही आणि ती राहिली तर डोळा जातो, मग दुसराही जातो. जायंट सेल आर्टेरायटिस.

पन्नाशीच्या आत जवळजवळ नाहीच, सत्तरीत सर्वाधिक. धमनीच्या भिंतीला सूज येते आणि ती आतून अरुंद होते. नजर जाऊन-येऊन सुरू होते, कधी नुसतं उभं राहिल्यावर जाते, कधी एकाचे दोन दिसतात. विचारायच्या गोष्टी अशा: कानशिलाजवळ नवी डोकेदुखी आहे का? कंगवा फिरवताना किंवा उशीवर डोकं टेकताना टाळू दुखते का? चावताना जबडा दमतो का? हा शेवटचा प्रश्न नीट विचारावा लागतो. ‘जबडा दुखतो का’ विचारलं की लोक दात दाखवतात. खरं लक्षण म्हणजे खाऊ लागल्यावर मिनिटभराने जबडा भरून येतो, थांबलं की उतरतो, पुन्हा चावलं की पुन्हा येतो. जोडीला सकाळी खांदे-कंबर आखडणं, वजन उतरणं, बारीक ताप.

रक्तात ईएसआर, सीआरपी (दोन्ही शरीरातली सूज दाखवतात) आणि प्लेटलेट्स तिन्ही बघायचे. ईएसआर एकटा बघू नये, काहींत तो नॉर्मल असतो. वयानुसार ढोबळ कमाल मर्यादा: पुरुषांत वय भागिले २, स्त्रियांत (वय अधिक १०) भागिले २. म्हणजे ७० वर्षांच्या बाईंचा ईएसआर ४० पर्यंत चालून जातो, ८० चालत नाही.

संशय पक्का असेल तर कानशिलाच्या धमनीच्या बायोप्सीची (तुकडा काढून तपासण्याची) वाट बघत स्टिरॉइड थांबवायचं नसतं. नजर जात-येत असेल तर मिथाइलप्रेडनिसोलोन ५०० ते १००० मिलिग्रॅम रोज शिरेतून, सहसा तीन दिवस, नंतर प्रेडनिसोलोनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या. बायोप्सी पुढच्या दोन आठवड्यांत केली तरी खुणा सापडतात. तुकडा निदान एक सेंटिमीटर लांब हवा, कारण सूज सलग नसते, मध्ये निरोगी पट्टे असतात. उपचार न केल्यास दुसरा डोळा काही दिवसांत किंवा आठवड्यांत जाऊ शकतो, आणि गेलेली नजर बहुधा परत येत नाही.

पाऊलवाट

मधुमालती, दंडवत. जबडा ‘दमतो’ हा शब्द लक्षात राहील. वाचनखूण साठवली.

चकवा

थोडक्यात, या लक्षणाकडे कानाडोळा करायचा नाही. कान-नाक-घसावाल्यांनी हलकेच घ्या.

शेवंता

@चकवा 😄

आता पंचविशीकडे. तरुणांत सगळं कॅरोटिडच्या थरावर ढकलता येत नाही. पडद्याच्या धमनीचा आकुंचनाचा झटका हे कारण बरंच असतं. व्यायामानंतर किंवा अधूनमधून विनाकारण, काही मिनिटं, नंतर सगळं स्वच्छ. अशांना पुढे निफेडिपिनसारख्या गोळ्यांनी फरक पडतो. पण ते निदान शेवटी करायचं, बाकी सगळं नाकारल्यावर. ‘रेटिनल मायग्रेन’चंही तेच.

आधी नाकारायचं काय? एक, मानेतल्या धमनीच्या भिंतीला पडलेली चीर. मानेला हिसका, जोरात मालिश, कटकट मोडणं, अपघात, कधी काहीच नाही. एका बाजूची मान किंवा चेहरा दुखतो, त्याच बाजूची पापणी किंचित खाली आणि बाहुली लहान. अंधाऱ्या खोलीत बघा, फरक तिथे जास्त कळतो. कारण लहान बाहुली अंधारातही मोठी होत नाही. हे दिसलं तर वय न बघता त्याच तासाला हॉस्पिटल. दोन, रक्त गोठण्याचे दोष, विशेषतः ॲन्टिफॉस्फोलिपिड ॲन्टिबॉडी; वारंवार गर्भपात किंवा पायात गुठळी झाल्याचा इतिहास असेल तर ही तपासणी मागून घ्या. तीन, हृदयाच्या झडपा. ऑराचा मायग्रेन असलेल्या स्त्रिया इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या घेत असतील तर त्या बदलाव्यात, स्ट्रोकचा धोका वाढतो.

गरम पाण्याने आंघोळ किंवा धावणं झालं की एक डोळा मंदावतो आणि थंड झाल्यावर सुधारतो, हे आधी सुजून गेलेल्या डोळ्याच्या नसेचं लक्षण. एमआरआय लागतो.

तळटीप

ठरावीक दिशेला बघितलं की जाते आणि सरळ बघितलं की येते, हेही यादीत टाका. डोळ्याच्या खोबणीत नसेशेजारी गाठ असू शकते.

संध्याकाळी, मंद उजेडात, दिव्याभोवती रंगीत कडी आणि भुवईत दुखणं: काचबिंदूचा बंद कोनाचा प्रकार. हा शुद्ध डोळ्याचा विषय, लेसरने सुटतो. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यात पुन्हा पुन्हा काही तास लालसर धूसर होत असेल, तर बसवलेली लेन्स आत घासून रक्त येत नाही ना ते बघायला सांगा. ते अंधारी आलेली असतानाच पाहिलं तर दिसतं.

घुबड

अवांतर, पण विषयाला धरून: पडद्याच्या धमनीतून कण सरकताना खरंच पाहिलेले आहेत. मिलर फिशर यांनी १९५९ मध्ये नजर गेलेली असतानाच डोळ्यात बघून पांढरे कण पुढे पुढे जाताना नोंदवले. नंतर १९६१ मध्ये हॉलेनहॉर्स्ट यांनी धमनीच्या फाट्यावर अडकलेल्या चकचकीत पिवळ्या कोलेस्टेरॉलच्या कणांचं वर्णन केलं. तो कण चमकतो. मळकट पांढरा, न चमकणारा दिसला तर तो बहुधा हृदयाच्या झडपेवरचा कॅल्शियमचा, आणि मग शोध मानेत नाही, छातीत.

मुद्दा हा की नजर परत आल्यावर डोळ्यात बहुतेक वेळा काहीच सापडत नाही. ‘डोळा नॉर्मल’ हा रिपोर्ट हातात घेऊन घरी जाऊन झोपणं, ही खरी फसगत.

चिंतामणी_बिनचूक

आणखी एक फसगत, हॉस्पिटलातली. छोट्या स्ट्रोकनंतर धोका मोजायला एबीसीडी-२ नावाची गुणपद्धत वापरतात. ६० पुढे वय १, बीपी १४०/९० किंवा जास्त १, मधुमेह १, एका बाजूची अशक्तता २, नुसतं बोलणं बिघडलं तर १, वेळ १० ते ५९ मिनिटं १, तासाच्या वर २. आता बघा, डोळ्याला गुणच नाहीत. ५५ वर्षांच्या माणसाची सहा मिनिटं नजर गेली, मधुमेह नाही, बीपी ठीक, तर गुण शून्य. आणि मानेतली धमनी ८० टक्के बंद असू शकते. ‘स्कोअर कमी आहे, पुढच्या महिन्यात डॉप्लर (मानेच्या धमनीची सोनोग्राफी) करा’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे सांगा, डॉप्लर आजच करू. सगळ्यात जास्त धोका पहिल्या दोन दिवसांत असतो.

हेही खरं की नुसती डोळ्याची तक्रार असलेल्यांत पुढच्या स्ट्रोकचा धोका हात-पाय लुळे पडून सुधारलेल्यांपेक्षा कमी असतो. घाबरवायला लिहीत नाही.

अमावास्या

डॉप्लरचा रिपोर्ट कसा वाचायचा? नुसते टक्के लिहिलेले असतात.

चिंतामणी_बिनचूक

टक्के कुठल्या पद्धतीने मोजले ते बघा. नॅसेट या उत्तर अमेरिकी पद्धतीत अरुंद जागेची तुलना पुढच्या निरोगी धमनीशी होते, युरोपीय पद्धतीत त्याच जागच्या मूळ रुंदीशी. नॅसेटचे ५० म्हणजे युरोपीय पद्धतीचे ७५ च्या आसपास. दोन रिपोर्ट शेजारी ठेवून ‘महिन्यात वाढलं’ म्हणण्याआधी हे तपासा.

डॉप्लर मुळात रुंदी नाही, रक्ताचा वेग मोजतं. इंटर्नल कॅरोटिडमधला (मेंदूकडे जाणाऱ्या शाखेतला) सर्वोच्च वेग सेकंदाला १२५ सेंटिमीटरच्या आत असेल आणि थर जाड नसेल तर अडथळा ५० टक्क्यांखाली, १२५ ते २३० म्हणजे ५० ते ६९, २३० च्या वर म्हणजे ७० किंवा जास्त. एक मेख आहे: धमनी जवळजवळ बंद झाली की वेग उलट पडतो. म्हणून धमनीतला थर काढून टाकायचं ऑपरेशन ठरवण्याआधी सीटी किंवा एमआर अँजिओ करून घेतात. त्याच बाजूच्या डोळ्याची तक्रार आणि नॅसेटने ७० ते ९९ टक्के असेल तर ऑपरेशनचा फायदा स्पष्ट, आणि तो शक्यतो दोन आठवड्यांच्या आत केल्यास जास्त. ५० ते ६९ मध्ये माणूस बघून. पूर्ण १०० टक्के बंद असेल तर ते ऑपरेशन करत नाहीत.

शेवंता

खूप अरुंद किंवा बंद कॅरोटिडमध्ये एक वेगळं लक्षण असतं: कडक उन्हातून आत आलं की त्या डोळ्याला बराच वेळ काही दिसत नाही. पडद्याला उजेडानंतर सावरायला लागणारं रक्त पुरत नाही. अशा माणसाचं बीपी एकदम खाली आणलं तर त्रास वाढतो. गोळ्या वाढवण्याआधी हे लक्षण सांगा.

पाऊलवाट

पुष्कळ मिळालं. आता दुसऱ्या प्रश्नाचं एका वाक्यात कुणी उत्तर देईल का? आधी कुठे?

तळटीप

एका वाक्यात: डोळा दुखत नसेल, ठिपके-चमक नसेल, आणि अंधारी अचानक आली असेल, तर ज्या हॉस्पिटलात सीटी-एमआरआय, कॅरोटिड डॉप्लर आणि मेंदूविकारतज्ज्ञ चोवीस तास आहेत तिथे, त्याच दिवशी, नजर आली असली तरी, डोळ्यांचे डॉक्टर तिथेच बोलावता येतात. स्वतः गाडी चालवत जाऊ नये. तिथे दोन्ही दंडांत बीपी, ईसीजी, साखर, कोलेस्टेरॉल, पन्नाशीपुढे ईएसआर-सीआरपी, डॉप्लर आणि एमआरआय एवढं झालंच पाहिजे. ईसीजी नॉर्मल आला तरी हृदयाचे अनियमित ठोके पकडायला होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) लागू शकतो. ते सापडले तर औषध बदलतं, ॲस्पिरिनऐवजी रक्त पातळ करणारी वेगळी गोळी येते.

मधुमालती

हे वाक्य नव्हे, परिच्छेद झाला. पण बरोबर आहे.

एवढंच जोडते. आधी डोळ्यांच्या दवाखान्यात गेलातच, तर बाहुली मोठी करणारे थेंब घालण्याआधी त्यांना दोन्ही बाहुल्या टॉर्चने आलटून पालटून तपासून लिहून द्यायला सांगा. थेंब घातल्यावर ती तपासणी कित्येक तास करता येत नाही. आणि नंतर मेंदूच्या डॉक्टरांना मोठी बाहुली दिसली तर ते थेंबांमुळे की आजारामुळे, हे कळायला मार्ग उरत नाही. थेंब कुठल्या डोळ्यात, किती वाजता घातले ते चिठ्ठीवर लिहून बरोबर ठेवा.